कप्तानमामांचा दाखला

दत्तक कार्यालयाच्या खिडकीतल्या बाबूंनी कागदावर बोट टेकवलं आणि विचारलं, “आणि हे चौथे कुठायत?”

“कोण चौथे?” सून म्हणाली.

“तुम्ही, तुमचे मिस्टर, तुमच्या सासूबाई, हे झाले तिघं. चौथे हे. जहाजावरचे निवृत्त कप्तान. यांचा पोलिसांचा दाखला नाही, डॉक्टरांचा नाही, मुलीला घरात घ्यायला यांची हरकत नाही असं पत्रही नाही. म्हणून तर फाइल तिकडून परत आलीय.”

सुनेने काचेला नाक लावून कागद वाचला. घरपाहणीचा अहवाल होता तो, आणि त्यांच्याच घराचा होता. खाली पाहणीवाल्या बाईंची सही, सहीवर शिक्का, शिक्क्याशेजारी तो शिक्का खरा असल्याचा आणखी एक शिक्का. आणि मधोमध स्वच्छ टाइप केलेलं: ‘मागील खोलीत अर्जदाराचे मामा राहतात. सदर गृहस्थ शांत स्वभावाचे असून त्यांना मोठ्या प्राण्यांचा अनुभव आहे.’

तिच्या नवऱ्याला मामा नव्हता. सासूबाईंना बहिणी होत्या, पण भाऊ औषधालासुद्धा नव्हता.

सुनेने सावकाश मान वळवली. शेजारी उभ्या असलेल्या सासूबाई छताकडे बघत होत्या, जणू पंखा नावाची वस्तू आज पहिल्यांदाच नजरेला पडली.

“आई?”

“छान आहे नाही पंखा,” सासूबाई म्हणाल्या. “आवाज म्हणून नाही.”

“आई, हे कप्तान कोण?”

“अगं, त्या बाईंनी विचारलं ना, मागच्या खोलीत कोण राहतं म्हणून. तोंडातून निघून गेलं. तेवढ्यात बाहेर कसला तरी भोंगा वाजला, मग म्हटलं, कप्तान असावेत.”

आता ही सून काही लेचीपेची नव्हती बरं का. ती बस चालवायची. बस पण कसली, पुढचं चाक कोपऱ्यावर वळलं तरी मागच्या सीटवरचा माणूस अजून आधीच्याच रस्त्यावर असायचा, इतकी लांब. समोरून दुसरी गाडी आली की ती अख्खं धूड उलटं घ्यायची, आणि ते बघायला लोक गॅलरीत खुर्च्या टाकून बसायचे. तिचा नवरा कुलपं-किल्ल्यांचा कारागीर. त्याने एकदा एक तिजोरी नुसती खाकरून उघडली होती, असं त्याची आई सांगायची. अर्थात, आई काय सांगेल याचा नेम नव्हता.

पण असे हे दोघं त्या फाइलीपुढे पार गळाठले होते. समुद्रापलीकडच्या देशातलं मूल दत्तक घ्यायचं म्हणजे खेळ नव्हे. लग्नाचा दाखला हवा. तो खरा आहे असं वकिलाने लिहून द्यायला हवं. वकील खरा आहे असं सरकारने सांगायला हवं. मग त्याचं तिकडच्या भाषेत भाषांतर, आणि भाषांतर करणाऱ्याने शपथ घेऊन सांगायचं की मी मनाचं काही घातलेलं नाही. बरं, हे कागद फळांसारखे. एक पिकेपर्यंत दुसरा सडतो. पोलिसांचा दाखला हाती आला तेव्हा डॉक्टरांच्या दाखल्याची मुदत संपली. डॉक्टरांचा नवा आणला तर तोवर पगाराचं पत्र शिळं झालं. फाइल इतकी जाड झाली की सासूबाईंनी एकदा दिव्याचा बल्ब बदलायला तीवर उभं राहायचं ठरवलं होतं. मुलाने त्यांना वेळेवर अडवलं म्हणून, नाहीतर पडल्याचाही दाखला लागला असता.

आणि हे सगळं कुणासाठी? तर एका चार वर्षांच्या पोरीसाठी. तिचा एकच फोटो आला होता. डाव्या पायातला बूट उजव्या पायात, उजव्यातला डाव्यात, आणि बघतेय भलतीकडेच. फोटोच्या बाहेर तिला काहीतरी फार महत्त्वाचं दिसत होतं. सून बस सुरू करायच्या आधी रोज तो फोटो काढून बघायची आणि ती काय बघतेय याचा विचार करायची. तिला वाटायचं, एकदा जाऊन तिच्या शेजारी उभं राहावं आणि तिकडेच बघावं. बस्स.

फाइलीबरोबर एक पत्रही आलं होतं. बाबूंनी ते वाचून दाखवलं. महिनाअखेरपर्यंत पूर्ण कागदपत्रं पोचली नाहीत, तर मुलीचा प्रस्ताव पुढच्या कुटुंबाकडे जाईल.

महिना अर्धा उलटून गेला होता.

“अहो, पण हे गृहस्थ नाहीतच!” ती म्हणाली.

“वारले?”

“नाही, नाहीतच. मुळातच नाहीत.”

बाबूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सून होती तिथेच होती. “बाई, अहवालात माणूस आहे. तो नाही असं नुसतं तोंडाने कसं चालेल? नाही असा दाखला आणा.”

“तो कुठे मिळतो?”

“कुठेतरी मिळत असेलच,” बाबू म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

मग दुसऱ्या दिवशी नवरा-बायको पोलिस ठाण्यात गेले. तिथले हवालदार माणूस म्हणून चांगले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधूनमधून मानही डोलावली आणि म्हणाले, “काही काळजी करू नका. कप्तानांना घेऊन या. बोटांचे ठसे घेऊ, स्वच्छ दाखला देऊ.”

“साहेब, तेच तर सांगतोय. कप्तान नाहीत.”

“मग त्यांच्यावर गुन्हा पण नसणार!” हवालदार खूश होऊन म्हणाले. “म्हणजे दाखला स्वच्छच निघेल. फक्त ठसे तेवढे लागतील.”

जन्ममृत्यूच्या कार्यालयात एक बाई जाडजूड स्वेटर घालून बसल्या होत्या. त्यांना तर यात काही वावगंच वाटलं नाही.

“जन्म झाला नाही असं पत्र हवंय ना? देतो की आम्ही. फक्त जन्मतारीख सांगा.”

“कुणाची?”

“जे जन्मले नाहीत त्यांची. त्या तारखेला आमच्याकडे नोंद नाही असं लिहून देते. तारखेशिवाय कसं देणार? उगाच कुणीही येईल आणि म्हणेल मी जन्मलो नाही.”

नवऱ्याने सुनेकडे बघितलं, सुनेने नवऱ्याकडे. “आईला विचारू या का तारीख?” तो हळूच म्हणाला.

“अजिबात नको!” सून किंचाळली. “त्या तारीख देतील, वेळ देतील आणि सुईणीचं नावही देतील.”

तिच्या डोक्यात सगळे शिक्के एकमेकांवर उमटून नुसता काळा डाग झाला होता. त्या दिवशी दुपारच्या फेरीला तिने आयुष्यात पहिल्यांदा वळण चुकवलं. भरलेली बस भलत्याच रस्त्याने गेली, एका बागेला वळसा घालून परत आली, आणि उतारू एक शब्द बोलले नाहीत. त्यांना वाटलं, रस्त्याचं काम चालू असेल. एका आजोबांनी तर उतरताना तिचे आभार मानले. ती बाग त्यांना बऱ्याच दिवसांपासून बघायची होती म्हणे.

पुन्हा खिडकी. या वेळी सासूबाईही आल्या, कारण त्यांची सही लागण्याचा संभव होता. बाबूंना आता या मंडळींची थोडी दया यायला लागली होती. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, खिडकीच्या भोकातून तोंड पुढे आणलं आणि आवाज खाली नेला.

“हे बघा, मी सांगतो तसं करा. कप्तान घर सोडून गेले असं लिहा. कुठे गेले, तर दुसऱ्या भाच्याकडे, लांबच्या गावी. सासूबाई सही करतील, मी शिक्का मारतो. आज दुपारच्या टपालात फाइल रवाना. कोण बघायला येतंय?”

सुनेला वाटलं, त्या भोकातून हात घालून या माणसाचे पाय धरावेत. तिने कोरा कागद पुढे ओढला, पेन उघडलं आणि सासूबाईंच्या हातात दिलं.

“लिहा आई. तुम्हाला काय अवघड आहे?”

सासूबाईंनी पेन घेतलं. कागदाकडे बघितलं. पेनाला टोपण लावलं.

“मी नाही लिहिणार.”

“काय?”

“थाप वेगळी आणि सही वेगळी.”

“आई, अख्ख्या बिल्डिंगला तुम्ही सांगितलंय की माझ्या बसला पंख आहेत!”

“सांगितलं. ऐकणाऱ्याला ठाऊक असतं ना गं. तोही हसतो, मीही हसते. सही केली की हसणं संपलं.” त्यांनी पेन परत सरकवलं. “आणि ती पोर आली की? ती फाइल काय जन्मभर बंद राहणार आहे? मोठी होऊन वाचेल आणि विचारेल, माझ्यासाठी त्या म्हाताऱ्या मामांना घराबाहेर काढलंत का? तेव्हा काय सांगू?”

“तेव्हा ती इथे तर असेल!” सून ओरडली. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. “आता तुम्हाला खरेपणा सुचतोय! आता!”

सासूबाई गप्प बसल्या म्हणजे प्रकरण गंभीर, हे घरच्या मांजरालाही कळायचं. बाबूंनी हळूच कोरा कागद आत ओढून घेतला.

“मग एकच वाट आहे,” ते म्हणाले. “पाहणीवाल्या बाईंनी परत येऊन परत पाहायचं. पण आधीच सांगतो, त्या फार कडक. आजीबाईंचं एक वाक्य खोटं निघालं, तर त्या बाकीचीही खोडतील. आजी मुलीला सांभाळणार, गोष्टी सांगणार, असंही लिहिलंय त्यांनी. ते सगळं गेलं तर उरलं काय अहवालात? तीन खुर्च्या आणि एक टेबल.”

पाहणीवाल्या बाईंनी फोनवर सगळं ऐकलं. मग बराच वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, “शनिवारी येते,” आणि फोन ठेवला. त्या गप्प बसण्याचा अर्थ काय, यावर नवरा-बायकोत दोन दिवस वाद झाला. नवरा म्हणे रागावल्या. सून म्हणे हसत होत्या. मग दोघांनी बाजू बदलल्या आणि तोच वाद परत घातला.

शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. सून झाली पाहणीवाली. तिने नवऱ्याचा जाड काळा कोट चढवला, हातात लाटणं धरलं, पेन म्हणून.

“या खोलीत कोण राहतं?”

“कोणी नाही,” सासूबाई म्हणाल्या. आणि लगेच, “म्हणजे आता नाही. गेल्या वर्षी एक जादूगार—”

“आई!”

“बरं बरं. विचार परत.”

“या खोलीत कोण राहतं?”

“कोणी नाही. कोणी म्हणजे कोणीसुद्धा नाही. पण भिंतीतून कधीकधी—”

“अगं आई, तीन शब्दसुद्धा नाहीत गं ते!” नवरा म्हणाला. तो किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन खेळत होता. काळजी लागली की तो बोटांनीच किल्ल्या मोजायचा.

“ढब्ब्या, तू मध्ये बोलू नकोस.” तो सहा फुटी होता आणि टक्कल पडायला आलं होतं, पण आईला तो ढब्ब्याच. “मला जमतंय. फक्त तोंडापर्यंत आलं की ते वळतं.”

“कुठे वळतं? जादूगाराकडे?” सुनेने लाटणं ओट्यावर आपटलं. “त्या जादूगारापायी मला किती ऐकावं लागलं ठाऊक आहे? खालच्या मजल्यावरच्या काकू मला जिन्यात गाठून विचारायच्या, ‘काय गं, तुमच्या जादूगाराचा ससा सापडला का?’ त्याच्या आधी त्या जुळ्या डॉक्टरीणबाई. त्याच्या आधी तो व्हायोलिनवाला, झोपेत वाजवणारा. लोकांना खरं सांगायला काय होतं तुम्हाला? म्हणायचं, रिकामी आहे खोली!”

तो शब्द बाहेर पडला आणि सासूबाईंनी पटकन नळ सोडला. भांडं नव्हतं, काही नव्हतं. नुसता नळ.

सून तशीच उभी राहिली, कोट अंगावर. व्हायोलिनवाला कधी आला होता? मागच्या खोलीची भिंत पिवळी रंगवली, त्याच्या पुढच्या महिन्यात. पाळणा परत देऊन टाकला तेव्हा. जुळ्या डॉक्टरीणबाई आल्या त्या हिवाळ्यात, ती दुसऱ्यांदा दवाखान्यातून एकटीच घरी आली होती आणि जिन्यात काकू बसल्याच होत्या, ‘ती मागची खोली मग रिकामीच का गं?’ करत. जादूगार त्याच्यानंतरचा. जादूगाराने तर इतका धुमाकूळ घातला होता की सगळी बिल्डिंग महिनाभर त्याच्या सशाबद्दलच बोलत होती. तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

तिने नळ बंद केला.

“आई,” ती म्हणाली, “तो ससा सापडला का शेवटी?”

सासूबाईंनी पदराने हात पुसले. हात कोरडेच होते. “सापडला की. तुझ्या बसमध्ये बसून गेला होता. तिकीट काढून.”

शनिवारी पाहणीवाल्या बाई आल्या. बुटक्या, नीटनेटक्या, काखेत पिशवी. त्यांनी तेच सगळं परत केलं, जसं काही पूर्वी आल्याच नव्हत्या. खिडकीची कडी हलवून बघितली. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या किती उंचावर आहेत ते हात लांबवून मोजलं. न्हाणीघराचं दार आतून बंद करून घेतलं आणि बाहेरून उघडता येतं का ते बघायला सांगितलं. ते उघडलं अर्थातच. किल्लीवाल्याचं घर. मग सगळी वरात मागच्या खोलीत शिरली. पिवळी भिंत, लहान पलंग, त्यावर अजून प्लास्टिकचा कागद. बाईंनी वही उघडली आणि पेन धरलं.

“या खोलीत कोण राहतं?”

प्रश्न सासूबाईंना होता. त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. नवऱ्याच्या हातातल्या किल्ल्यांचा आवाज थांबला. सुनेला दिसत होतं, आत कुठेतरी एक अख्खी सर्कस दाराशी येऊन उभी राहिलीय, हत्तीसकट, आणि म्हातारी पाठ लावून दार धरून ठेवतेय. आणि तिचं लक्ष बाईंकडे नव्हतंच. ती बघत होती सुनेकडे.

बस सुरू करताना वाहक मागून घंटा देतो, तशी सुनेने एकदाच मान हलवली. चला. मोकळं आहे.

“अजून कोणी नाही,” सासूबाई म्हणाल्या.

एवढंच. मग त्या प्लास्टिकच्या कागदावरच मटकन बसल्या, आणि तो असा काही वाजला की सगळेच दचकले.

बाई लिहायला लागल्या, मध्येच थांबल्या. “‘अजून’ लिहू का?”

“लिहा,” सून म्हणाली. “ते तर लिहाच.”

“आणि आधीचं निवेदन बदललं, त्याचं कारण? कारणाची जागा मला मोकळी सोडता येत नाही. ‘असत्य कथन’ लिहिलं तर आजींचं सगळंच बाद होतं.”

नवऱ्याने घसा खाकरला, पण त्याने काही उघडलं नाही.

“लिहा,” सून म्हणाली. “मला मूल झालं नाही. लोक या खोलीबद्दल विचारायचे. ही खोली रिकामी आहे असं या घरात कधीच कुणी म्हणत नाही. आई म्हणू देत नाहीत. त्यासाठी त्या कुणालाही आणून बसवतात. कप्तान तसेच आले.”

पाहणीवाल्या बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. मग खाली मान घालून त्यांनी सरकारी अक्षरात लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं: “‘सदर खोलीस रिकामी म्हणण्याची या कुटुंबात पद्धत नाही. आजींच्या आधीच्या निवेदनाकडे त्या दृष्टीने पाहावे.’ चालेल?”

चालणार नाही असं कोण म्हणतंय!

बाईंनी वही पिशवीत घातली. पण त्या निघेनात. पिशवीचा बंद एकदा सरळ केला, एकदा उलटा.

“आता माझं काम संपलं आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणून विचारते. मागच्या वेळी मला उशीर होत होता, तुमचं अर्ध्यावर राहिलं. कप्तान देवमाशाच्या पाठीवर चहा करत होते. तो मासा जागा झाला का?”

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं. सून तोवर चहा टाकायला निघालीही होती. तिने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, “आई, आधी मासा केवढा होता ते सांगा, नाहीतर त्यांना कळायचं नाही!”

फाइल गेली. सोमवारच्या टपालात गेली आणि मुदतीच्या आत पोचली. मग पुन्हा वाट बघणं आलं. एक दिवस बाबूंचा फोन आला, लगेच या. सून बस आगारात लावून गणवेशावरच धावली, वाटेत सासूबाईंना उचललं. नवरा दुकानाला कुलूप घालायचंच विसरला. खिडकीपाशी तिघं एकमेकांना धरून उभे.

“तिकडून होकार आलाय,” बाबू म्हणाले. “प्रवासाची तारीख कळवतील. पण…”

सुनेने काचेची कड घट्ट धरली. “पण काय?”

“पण एक शंका काढलीय. म्हणजे कार्यालयाने नाही.” बाबूंनी पत्र उलटसुलट केलं. त्यांच्याही आयुष्यात असं पत्र आलं नसावं. “तिथल्या सांभाळणाऱ्या बाईंनी आधीचा अहवाल मुलीला वाचून दाखवला होता. आता त्यांनी तिला सांगितलं, कप्तान नाहीत. तर मुलगी ऐकेना. ती विचारतेय, मग त्यांचे मोठे प्राणी आता कुठे राहतात?”

पंखा फिरत होता. आवाज म्हणून नव्हता.

सुनेला हसू आलं, रडू आलं, आणि दोन्ही एकदमच आल्यामुळे तिला उचकी लागली. नवरा तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागला. ती वळून सासूबाईंना म्हणाली, “आता हे तुम्हीच निस्तरा.”

सासूबाईंनी कंबर सरळ केली, पदर सारखा केला आणि खिडकीच्या भोकाशी तोंड नेलं.

“बाबू, याला शिक्का लागेल का?”

“नाही आजी. हे नुसतं सांगायचं आहे.”

“मग पेन घ्या,” सासूबाई म्हणाल्या, “आणि दोन-तीन कागद जास्तीचे असू द्या.”